कितीला किती

मी गुण लिहितो. बाकी काही नाही.
मानवतच्या जिनिंगशेजारचं मैदान,
डिसेंबर, सतरा वर्षांखालच्या मुली,
फक्कीच्या रेषांवर उडून चिकटलेला कापूस,
आणि माझं टेबल: एक पाय आखूड,
त्याखाली विटेचा तुकडा.

दैवशाला घुगे, पाथरी, पाठीवर सात नंबर.
चढाईला गेली की दम असा लावायची
की चहावाला किटली उचललेलीच धरायचा.

दुसऱ्या हाफात तिची पकड झाली.
घोट्याला एक, कमरेला दोघी,
आणि कोपऱ्यातल्या पोरीचा गुडघा कानशिलावर.
आवाज मोठा नव्हता.
ओल्या मातीत कवठ गळून पडावं, एवढाच.
मी पकडीचा गुण लिहिला,
आकडा तिरका खोडला.

ती बाहेर येऊन बसली, टेबलाला लागून.
"सर, कितीला किती?"
"चौदाला सोळा."
तिनं मान हलवली, गुडघ्याची माती झाडली.
"सर, कितीला किती?"
सांगितलं.
मग पुन्हा, त्याच आवाजात, तेवढ्याच उत्सुकतेनं,
जणू प्रश्न तिला आत्ताच सुचला.
मी वैतागलो. "कान फुटले का गं? चौदाला सोळा!"

हे मी कुठं लिहिलेलं नाही.

कुणी कांदा फोडून हुंगवला.
कदीर सर म्हणाले, "रक्त कुठंय? रक्त नाही ना, मग?"
गर्दीतून कुणीतरी, "कामून बसली गं वाघीण?"
ती हसली. सगळ्यांना बरं वाटलं.
तेवढ्यात पाथरीनं एक गुण काढला.
असा गुण मिळाला की बाद झालेली परत आत येते,
आम्ही म्हणतो, जिवंत झाली.

जिवंत झाली.
चढाईला गेली, एकीला शिवली,
आणि मध्यरेषेकडं पाठ करून
उलटी पळत सुटली जिनिंगच्या भिंतीकडं,
कबड्डी कबड्डी म्हणत, शेवटच्या रेषेच्या पार,
सरकीच्या ढिगापर्यंत.
मैदान हसलं.
मीही हसलो.
आणि लिहिलं: सात नंबर, बाद.

परभणीला पोचेपर्यंत जीपमध्ये तीन उलट्या.
ती वाचली. लवकर सांगून टाकतो,
कारण ऐकणारे एवढंच विचारतात
आणि सुस्कारा टाकून उठतात.
पुढचं असं, की
ट्यूबलाइट लावली की ती डोळ्यांवर ओढणी घ्यायची.
गिरणीचा पट्टा सुरू झाला की भिंत धरायची.
गणितात पहिली येणारी पोर
तळहातावरच्या सुट्ट्या पैशांकडं
बघत राहायची, दुकानदार हाक मारीपर्यंत.
आईला वाटे, अभ्यासाचा कंटाळा.
मावशीला वाटे, दृष्ट.
टाका नाही, सूज नाही, प्लास्टर नाही,
लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर?

डॉक्टर म्हणाले, "मेंदूला हिसका बसला होता.
तेव्हाच खेळ थांबवायला हवा होता."
तेव्हाच म्हणजे कधी, ते मला विचारा.
माझ्याकडं लिहिलेलं आहे.
चौदाला सोळा, सात मिनिटं बाकी.

गेल्या साली जिंतूरला
पकडीतून उठून एक पोर टेबलाशी आली.
सना, बारा नंबर.
"सर, कितीला किती?"
"तूच सांग."
"तुम्ही लिहिता ना?" हसली.
"बरं, समोर संघ कुणाचा?"
ती बघत राहिली समोर.
बराच वेळ.

मी पेन खाली ठेवलं.
गुणलेखकाचं काम बसून करायचं असतं.
मी जाऊन मैदानात उभा राहिलो, फक्कीवर बूट,
खेळ अडवून.
शिव्या पडल्या. एक खडा पाठीत बसला.
तिचा बाप म्हणाला, "मास्तर, माझ्या पोरीला भित्री ठरवता?"
तिला खेळू दिलं नाही.
तिचा संघ एका गुणानं हरला.
तोही मीच लिहिला.

सना अजून बोलत नाही माझ्याशी.
बसस्टँडवर दिसलो की मान फिरवते,
झटक्यात, रागानं, जरासुद्धा न अडखळता.
मी त्या मानेकडं बघत राहतो
एसटी हलेपर्यंत.